मदत हवी आहे: व्हॅलोरंटसाठी पाचवा गडी कसा शोधायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही कॉलेजचे चार मित्र. नोकऱ्या वेगवेगळ्या गावांत, पण रात्री दहानंतर व्हॅलोरंट या पाच-विरुद्ध-पाच ऑनलाइन शूटिंग गेमवर भेट ठरलेली. अडचण अशी की रँक्डमध्ये (ज्या मॅचवर आपला दर्जा ठरतो त्यात) एकटा, दोघे, तिघे नाहीतर थेट पाच जण चालतात; चौघांना प्रवेशच नाही! त्यामुळे रोज एकजण बाहेर बसतो आणि रुसवेफुगवे सुरू. (गेल्या आठवड्यात तीनदा मीच.)

रँक सिल्व्हर-गोल्डच्या आसपास. मुंबई सर्व्हरवर पिंग (नेटचा विलंब) बरा असतो, ती तक्रार नाही. आम्हाला स्मोक (धुराचा पडदा) टाकणारा हवाय, म्हणजे ओमेन किंवा ब्रिमस्टोन हे पात्र खेळणारा. कारण आम्ही चौघेही ड्युएलिस्टचे (पुढे घुसून लढणाऱ्या पात्रांचे) वेडे. स्पाइक (बॉम्ब) लावून झाला की तो फुटेपर्यंतचे ४५ सेकंद जागा धरून बसायचं सोडून किलमागे धावतो, आणि समोरचा ७ सेकंदांत तो निवांत डिफ्यूज (निकामी) करून मोकळा.

दोन अनोळखी लोक घेऊन पाहिले. एकाचा माईक कायम बंद, दुसरा पहिल्याच राउंडला आईबहिणीवर आला.

तुम्ही टीम कशी जमवलीत? नवा माणूस किती मॅचमध्ये ओळखता येतो? की आमच्यापैकीच एकाने मुकाट्याने ओमेन शिकावा? तसं असेल तर सुरुवात कुठल्या मॅपवर करू?