माळा चढवावा की घर मागे वाढवावं? (हॅरो, लंडन)

हॅरोकरीण:
आमचं १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला चिकटलेलं घर आहे. वर तीन खोल्या, त्यातली एक नावालाच. पलंग टाकला की दार अर्धंच उघडतं, तिथे धाकटा झोपतो. सांगलीहून आई उन्हाळ्यात तीनेक महिने येते, तेव्हा लेकीची खोली तिला आणि लेक जमिनीवर गादी घालून. लेकीचं यंदा जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) आहे, त्यामुळे रोज कुरकुर.

नवरा म्हणतो लॉफ्ट करू, म्हणजे माळ्यावर खोली काढू, बाग तरी वाचेल. मला मागे एक्स्टेन्शन हवंय. पैसे एकालाच पुरतील. परवा आई जिन्यात बसलेली दिसली, सातव्या पायरीवर, हातात चहाचा रिकामा कप. "जरा दम खाते गं," म्हणाली. काय करावं?

स्लावकर:
भांडण्याआधी टेप घेऊन माळ्यावर चढा. खालच्या जॉइस्टपासून, म्हणजे आडव्या तुळईपासून, आढ्यापर्यंत २.२ मीटर तरी भरायला हवं, आणि नवी जमीन नि इन्सुलेशन त्यातूनच जाणार. तुमच्या काळच्या घरात बहुतेक साधे वासे असतील. आमचं नव्वदच्या दशकातलं, वर ट्रसचं, म्हणजे आडव्यातिडव्या लाकडी सांगाड्यांचं जंगल! ते कापून स्टील घालायचा आकडा ऐकला आणि गप्प बसलो.

सेमीला माळ्यावर ५० घनमीटरपर्यंत वाढवायला सहसा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, फक्त डॉर्मर (छतातून बाहेर काढलेली उभी खिडकी) रस्त्याच्या बाजूला काढू नका. बिल्डिंग रेग्युलेशन्स, म्हणजे बांधकामाचे नियम, मात्र चुकत नाहीत. घर तीन मजली झालं की जिन्याकडची दारं फायर-डोअर (आग रोखणारी) करावी लागतात. आणि नवा जिना कुठून तरी जागा खाणारच. बहुधा तुमची ती नावाची खोलीच.

केंटवाली:
आम्ही मागे वाढवलं. जोडघराला एकमजली ३ मीटरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही. ६ पर्यंत जायचं तर कौन्सिल (इथली पालिका) शेजाऱ्यांना विचारते. आम्ही ३ वरच थांबलो. तरी अंगणात ड्रेनेजचं झाकण निघालं, गटारावर बांधायचं म्हणून पाणी कंपनीशी करार होईपर्यंत काम अडलं. नऊ आठवडे भांडी बाथटबात घासली, कंबर अजून आठवण काढते.

पार्टी वॉलची (सामाईक भिंतीची) नोटीस द्यायच्या आधी शेजारी जाऊन चहा प्या. आम्ही नुसतं पाकीट टाकलं. बाई दुखावल्या, त्यांनी आपला सर्व्हेयर नेमला, त्याचंही बिल आम्हीच भरलं. शिवाय मधल्या खोलीत आता दिवसाही दिवा लागतो. छताला काच आधीच बसवून घ्या, नंतर महाग पडते.

स्लावकर:
माझंच वरचं वाचून एक सुचलं. माळा केलात तरी तुमच्या आईला वर चढावंच लागणार, नाही का?

हॅरोकरीण:
मोजलं. २.३५ भरलं. नवरा जिंकल्यासारखा शिडी उतरला, केसांत जळमटं. मी त्याला स्लावकरांचा प्रश्न वाचून दाखवला. बराच वेळ जिन्याकडे बघत उभा होता.

तर मागेच वाढवतोय, ३ मीटर. जेवणाचं टेबल तिकडे जाईल, पुढची खोली आईची, जिन्याखालच्या टॉयलेटशेजारी शॉवर. लेकीची खोली लेकीला. धाकट्याचं दार अर्धंच उघडणार, त्याला चालतंय. झाकण आमच्याकडेही आहे, कुंपणापाशी, काल सापडलं.

आईला फोनवर सांगितलं. खर्चाचं काही विचारलं नाही. "न्हाणीचं दार बाहेर उघडेल ना? आत पडले तर उघडता यायला हवं."