मदत हवी आहे: काळ्या मातीवरचा हॉल रोड खचतोय, दगडाचा थर किती जाड घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल डिप्लोमावाला. सात वर्षं गावरस्त्यांची कामं केली, मागच्या दिवाळीपासून वणी पट्ट्यातल्या एका ओपनकास्ट कोळसा खाणीत ओबीच्या ठेकेदाराकडे आहे. (ओबी म्हणजे कोळशावरची माती-दगड.) खाणीचं नाव लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे.

फेसपासून (जिथे खणतात) डम्पपर्यंतचा (जिथे ओबी टाकतात) हॉल रोड, म्हणजे डंपरचा रस्ता, माझ्याकडे आहे. रुंदी २० मीटर, चढ १६ ला १, कडेला टायरच्या उंचीचा बांध. गाड्या ६० टनी डंपर. खालचा दगडातला भाग ठीक आहे, पण वरचा ६०० मीटरचा सपाट तुकडा जुन्या शेतातून जातो, अस्सल कपाशीची जमीन. जुलैच्या पहिल्या झडीतच गुडघाभर चाकोऱ्या पडल्या. मागच्या आठवड्यात भरलेला डंपर रुतला, दोन डोझर लावून काढला आणि त्या पाळीची बोलणी मी खाल्ली.

आम्ही ओबीतला दगड ओतून डोझरने पसरला होता, ४० सेंमीच्या आसपास. रोलर फिरवला नाही. "डंपरच रोलर आहे" असं मला सांगण्यात आलं. खड्डा पडला की वर आणखी दगड टाकतो, आठ दिवसांत तो गायब. माती दगड गिळते की काय, कळत नाही.

भिजवलेल्या मातीचा सीबीआर (भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा, कमी म्हणजे माती मऊ) ३ आला. माझ्याकडचे जाडीचे तक्ते सव्वाआठ टनांच्या धुरीचे (अ‍ॅक्सलचे), ते इथे काय कामाचे? थर किती घ्यावा? खाली जिओटेक्स्टाइल (मातीवर अंथरायचं जाड कृत्रिम कापड) टाकून फरक पडेल का?

जुना_ओव्हरमन
भाऊ, जाडीचं नंतर. आधी सांग, पाणी जाते कुठं? काळी माती खरवडून त्या खाचेत दगड भरला असशील, तर तू रस्ता नाही, टाकं बांधलं आहे. पाणी दगडातून खाली उतरते, मातीवर साचते, अन् माती लोणी होते. रस्ता जमिनीच्या वर उचल. दोन्ही बाजूला चर काढ आणि चराचा तळ दगडाच्या तळापेक्षा खाली ठेव. अन् तुझ्या त्या बांधाला पाणी काढायला तोंडं ठेवली का? बहुतेक जागी ठेवत नाहीत, मग बांधच पाणी अडवून धरतो.

धागाकर्ता
तोंडं नाहीत. आणि हो, खरवडूनच भरलाय.

मुरूम_खडी
आता जाडी. भरलेली गाडी १०० टन धरा. त्यातलं दोन तृतीयांश मागच्या धुरीवर, तिथे चार टायर, म्हणजे एका टायरवर सुमारे १७ टन. तुमचे तक्ते इथे खरंच निरुपयोगी. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने १९७७ साली कॉफमन आणि ऑल्ट यांची हॉल रोडवरची पुस्तिका काढली. तिच्यातलं उदाहरण नेमकं तुमच्या गाडीच्या जवळचं आहे: टायरवर १८ टन, माती सीबीआर ५, तर वर एकूण ७१ सेंमी. तुमचा सीबीआर ३, म्हणजे मीटरभर तरी धरा. ४० सेंमीत टिकला असता तर मलाच नवल वाटलं असतं.

पण दगड कोणता टाकताय? आपल्याकडच्या ओबीत कामठी थरांतला वालुकाश्म असतो तसा शेल आणि मडस्टोनही (चिखलापासून बनलेला दगड) असतो. कोरडा असताना दोन्ही दगडच. एकेक ढेकूळ रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवा, सकाळी कळेल. विरघळेल ते रस्त्यावर नको, थेट डम्पवर जाऊ दे.

थर ३० सेंमीचे, प्रत्येकावर व्हायब्रेटरी रोलर. डंपर फक्त चाकाखालचं दाबतो, मधलं आणि कडेचं मोकळंच राहतं. माथ्याला बारीक, कठीण माल आणि मधून दोन्हीकडे २ ते ३ टक्के उतार. जिओटेक्स्टाइल मातीला दगडात शिरू देत नाही, त्यासाठी जरूर टाका. त्याच्या भरवशावर जाडी मात्र कमी करू नका.

साहेबांना पटवायला हिशोब: १६ ला १ च्या चढावर १०० टनी गाडीला सव्वासहा टन ओढ लागते. चिखलाने रोलिंग रेझिस्टन्स (चाक फिरताना रस्त्याचा अडथळा, गाडीच्या वजनाच्या टक्क्यांत) ५ टक्क्यांनी वाढला, तर सपाटीवरही ५ टन जास्तीची ओढ. म्हणजे जवळजवळ तोच चढ तुम्ही सपाट शेतात बांधून ठेवलाय. डिझेलचा आकडा तेच काढतील.

स्टिअरिंगवर_बारा_वर्षं
माझंही ऐका. दिवाळीनंतर धुळीसाठी टँकर फिरवाल, तेव्हा उतारावर सलग पाणी सोडू नका. ब्रेक लावला की गाडी साबणावर असल्यासारखी जाते. थोडा पट्टा ओला, थोडा कोरडा असं मारायला सांगा. आमच्याकडे हे कळायला एक गाडी बांधावर चढावी लागली.

धागाकर्ता
बादली केली. तांबूस ढेकूळ जसंच्या तसं, राखाडी ढेकळाचा सकाळी गाळ. मग रस्त्यात खड्डा खणून पाहिला. निम्मा माल तोच राखाडी, आणि तासाभरात खड्ड्यात वीतभर पाणी. साहेबांनी चरांसाठी दोन दिवस एक्स्कॅव्हेटर दिलाय. चराचं पाणी शेजारच्या नाल्यात सोडलं तर चालेल?

जुना_ओव्हरमन
थेट नाही. गाळ बसायला आधी खड्डा पाहिजे, वरचं निवळ पाणीच नाल्यात. नाहीतर खालचे शेतकरी गेटवर येतील, अन् त्यांचं बरोबरच असेल. तेवढा उतार मिळते का पाहा.

धागाकर्ता
नाल्याचा काठ रस्त्यापेक्षा उंच वाटतोय, डोळ्यांनी सांगता येत नाही. चर आखायच्या आधी उद्या डम्पी (उंची-सखलपणा मोजायची दुर्बीण) लावतो, लेव्हल इथे टाकतो.