मदत हवी आहे : थायरॉइडची गोळी चालू असताना अश्वगंधा

आई ६२ वर्षांची, जुळे सोलापुरात असते. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, रोज उपाशीपोटी. बीपी, शुगर नाही. झोप लागेना म्हणून शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून महिनाभर अश्वगंधा चूर्ण आणि कॅल्शियमची गोळी घेत होती. "झाडपाल्याचं औषध, त्याचा कसला त्रास?" असं तिचं म्हणणं. तिला खरंच बरं वाटत होतं, म्हणून मीही अडवलं नाही.

कॅल्शियममुळे थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, म्हणून कॅल्शियम चार तासांनी, दुपारच्या भाकरीनंतर देतोय. पण अश्वगंधेनं थायरॉइड हार्मोन वाढू शकतं हे उशिरा कळलं. आता तिला अधूनमधून धडधडतं. चूर्ण परवापासून बंद केलंय, डॉक्टरांची वेळ उद्याची मिळाली आहे. चूर्ण बंद केल्यावर कुणाच्या घरी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) लगेच तपासायला सांगितलं होतं, की काही आठवड्यांनी?