फुल्चीचा ‘झॉम्बी २’ पाहिला. यात लोकांना नेमकं काय आवडतं?

रविवार_दुपार (धागाकर्ता)

जुने भयपट शोधून बघायचा नाद लागलाय सध्या. प्रत्येक यादीत दिग्दर्शक लुचो फुल्चीच्या या इटालियन पिक्चरचं नाव वर दिसतं, म्हणून काल रात्री जेवणं उरकून लावला. दीड तास वाया. झोपही उडाली, पण भीतीने नाही, चिडचिडीने.

गोष्ट एवढीच: न्यूयॉर्कच्या बंदरात एक बेवारस बोट भरकटत येते, आत एक जाडा, कुजलेला झॉम्बी. बोटमालकाची मुलगी (टिसा फॅरो, मिया फॅरोची बहीण) आणि एक बातमीदार तिच्या वडिलांचा माग काढत कॅरिबियन समुद्रातल्या मातुल नावाच्या काल्पनिक बेटाकडे निघतात. वाटेत सुट्टीवर निघालेलं एक जोडपं आपल्या बोटीत त्यांना घेतं. बेटावर डॉ. मेनार्ड, मेलेली माणसं परत का उठतायत याचा शोध घेत बसलेला. मग सगळेच उठतात. झालं.

नावापासून लबाडी आहे. ‘२’ म्हणजे १ कुठला? तर अमेरिकन दिग्दर्शक रोमेरोचा ‘डॉन ऑफ द डेड’ १९७८ मध्ये इटलीत तिथल्याच दारियो अर्जेंतो या दिग्दर्शकाने वेगळा संकलित करून ‘झॉम्बी’ नावाने लावला होता. तो चालला, म्हणून १९७९ मध्ये या मंडळींनी आपल्या पिक्चरला २ चिकटवला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पुढे आवाज एकीकडे, ओठ दुसरीकडे. जुन्या कब्रस्तानातून स्पॅनिश शिपाई उठतात, चारशे वर्षं पुरलेल्या मढ्यावर मांस कुठून आलं हे कोणी विचारत नाही. आणि शेवट! रेडिओवरचा माणूस बोंबलतोय की न्यूयॉर्क गेलं, झॉम्बी ब्रुकलिन ब्रिजवरून चाललेत, आणि त्यांच्या पायाखाली, त्याच पुलावर, गाड्या आपापल्या लेनमधून निवांत ऑफिसला चालल्यात.

आवडणाऱ्यांनी समजावून सांगा. खरंच विचारतोय.

कोळंबीभात

शार्क.

बस, एवढंच बोलतो.

पडद्यामागे

निम्म्या तक्रारी चुकीच्या पत्त्यावर गेल्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

नाव निर्मात्यांचं काम. इटलीत तेव्हा ती रीतच होती. एक पिक्चर चालला की त्याच्यामागे रांग लागायची, त्याला तिकडे ‘फिलोने’ म्हणतात. खाणीतली शीर म्हणा हवं तर. लागली की संपेपर्यंत खणायची. काउबॉय खणून झाले, पोलीसपट झाले, मग झॉम्बी आले. लुचो फुल्चीने स्वतः विनोदी पिक्चर केले, वेस्टर्न केले, खुनी-रहस्यपट केले. या पिक्चरच्या वेळी पन्नाशी ओलांडलेली होती, हौशी पोरगा नव्हता.

डबिंगचं म्हणाल तर इटलीत त्या काळी सेटवरचा आवाज वापरतच नसत. ब्रिटिश नट इंग्रजीत बोलणार, इटालियन आपल्या भाषेत, आणि नंतर सगळ्यांवर आवाज चढवायचे. म्हणजे याची ‘मूळ भाषा’ असा प्रकारच नाही. फेलिनीसारख्या थोर इटालियन दिग्दर्शकाच्या सिनेमातही ओठ जुळत नाहीत. तिथे आपण मान डोलावतो.

आता त्या मढ्यांबद्दल. चौघं दमून झाडीत टेकतात. हाताला एक गंजलेलं शिरस्त्राण लागतं, तेव्हा कळतं की आपण कब्रस्तानात बसलोय. मग जमीन उलते. हात येतो, डोकं येतं, डोळ्याच्या खोबणीत किडे वळवळतायत. आणि समोरची बाई पळत नाही, नुसती बघत राहते. तुम्ही म्हणाल मूर्खपणा. मला तो त्या पिक्चरमधला सगळ्यात खरा क्षण वाटतो. रोमेरोचे झॉम्बी करडे-निळसर, चेहऱ्याला रंग फासल्यासारखे. मेकअपवाल्या जानेत्तो दे रोस्सीने इथे चिखल वापरलाय, थरावर थर, सुकून भेगा पडलेला. ही माणसं मातीची झालेली आहेत. मांस कुठून आलं हा प्रश्न तेव्हा डोक्यात येत नाही, दुसऱ्या दिवशी चहा पिताना येतो.

मृण्मयी_क

कब्रस्तानाबद्दल सहमत. पण पडद्यामागे, तुमच्या मेगाबायटी प्रतिसादात त्या डोळ्याच्या प्रसंगाचा उल्लेख नाही, हे मुद्दाम आहे का?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: डॉक्टरची बायको (ओल्गा कार्लातोस) एकटी घरात. आधी ती अंघोळ करताना कॅमेरा आणि झॉम्बी दोघंही खिडकीतून तिला बघतात. मग दार मोडतं, हात तिचे केस धरतो आणि फुटलेल्या फळीच्या ढलपीकडे तिचा डोळा इंच इंच ओढत नेतो. कॅमेरा शेवटपर्यंत हटत नाही. लोक याला ‘क्लासिक’ म्हणतात. तंत्र म्हणून जबरदस्त आहे, मीही श्वास रोखला होता. पण सगळ्यात लांबवलेला मृत्यू त्याच बाईचा, जिला दोन मिनिटांपूर्वी उघडी दाखवली. दुसरी बाई अर्ध्या कपड्यात समुद्रात उतरते. पुरुष मरतात ते पटापट, अंगभर कपड्यात. एवढं साधं गणित आहे आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाहते ‘इफेक्ट बघा, इफेक्ट’ म्हणतायत.

जुना_व्हीसीआर

८७-८८ साली आम्ही चाळीतल्या पोरांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला होता. रात्रभरात तीन पिक्चर बघून सकाळी परत. त्यातली एक कॅसेट ही. वर नाव भलतंच लिहिलेलं. प्रिंट इतकी घासलेली की अर्धा वेळ पावसात चालल्यासारखं वाटायचं. डोळ्याचा प्रसंग आला तेव्हा आमच्यातला सगळ्यात दांडगा गडी पाणी प्यायला म्हणून उठला तो पहाटेपर्यंत आलाच नाही.

स्वच्छ प्रिंटवर हा पिक्चर बघूच नये, माझं प्रामाणिक मत.

पडद्यामागे

@मृण्मयी_क: मुद्दाम नव्हतं, पण टाळलं हे खरं. अंघोळीचा भाग मला नकोसाच वाटतो. ढलपीचा नाही. फुल्चीच्या पुढच्या पिक्चरांत बायका, पुरुष, पोरं, आंधळे, कुत्रे, सगळ्यांचं वाटोळं होतं, डोळा हा त्याचा ठरलेलाच विषय आहे. बाई म्हणून तिला निवडली असं मला वाटत नाही.

मृण्मयी_क

“माझा नवरा सगळ्यांवरच ओरडतो” या चालीवरचा बचाव झाला हा.

लेस्टरचा_बंड्या

इथे इंग्लंडात हा ‘झॉम्बी फ्लेश ईटर्स’ नावाने आला. थिएटरात कापून दाखवला. व्हिडिओवर मात्र तेव्हा सेन्सॉरचं बंधनच नव्हतं, त्यामुळे न कापलेली कॅसेट दुकानात. मग पेपरवाल्यांनी गदारोळ केला, ‘व्हिडिओ नॅस्टी’ म्हणून ज्या कॅसेटींवर खटले भरले त्यांत हा होता, आणि १९८४ मध्ये व्हिडिओसाठी कायदाच झाला. अख्खा पिक्चर अधिकृतपणे मिळायला २००५ उजाडलं. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. वीसेक वर्षं एखादी वस्तू कपाटात कुलपात ठेवली की लोकांना ती सोन्याची वाटायला लागते.

रविवार_दुपार

@लेस्टरचा_बंड्या: हे पहिलं उत्तर, जे मला पटलं. म्हणजे पिक्चर नाही, पिक्चरची बंदी आवडते.

कोळंबीभात

अहो पण शार्क!

नंदिनी_मुळ्ये_नव्हे

शार्कबद्दल मीच बोलते, कारण हे महाशय नुसतं नाव घेऊन पळतात.

समुद्रात एक झॉम्बी आणि एक खरीखुरी टायगर शार्क यांची झटापट आहे. झॉम्बी झालेला माणूस रामोन ब्रावो, मेक्सिकोचा पाण्याखालचा छायाचित्रकार. तिथल्या इस्ला मुहेरेस बेटाजवळच्या झोपणाऱ्या शार्कांचं चित्रण त्याने केलं होतं, त्यामुळे जनावर ओळखून होता. मेकअप करून, ऑक्सिजनच्या नळ्यांशिवाय, तो त्या माशाला मिठी मारतो, चावल्यासारखं करतो. फुल्चीला हा प्रसंग नकोच होता, तो त्याने चित्रित केलेला नाही.

बघताना मीही टाळ्या पिटल्या होत्या. नंतर वाचलं की शार्कला आधी भरपूर खायला घालून गुंगीचं औषध दिलं होतं. आता तो प्रसंग बघताना मला झॉम्बी दिसत नाही. पेंगुळलेलं एक जनावर दिसतं, ज्याला एक माणूस ओढतोय. त्या काळच्या इटालियन जंगलपटांत तर कॅमेऱ्यासमोर प्राणी खरेखुरे मारलेत. त्या मानाने हे काहीच नाही, हे मला मान्य आहे. तरी टाळ्या नाही येत आता.

कोळंबीभात

हे माहीत नव्हतं. आता माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

वेलदोडा

सगळे मेकअप आणि मासे यावर बोलतायत. बेटाचं काय?

चित्रीकरण झालं डोमिनिकन रिपब्लिकमध्ये. नकाशा काढा. हिस्पॅनिओला हे एकच बेट, पूर्वेला डोमिनिकन रिपब्लिक, पश्चिमेला हैती. झॉम्बी ही कल्पनाच हैतीची. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबून मरत होते, आणि सगळ्यात मोठी भीती कसली, तर मेल्यावरही सुटका नाही. कोणीतरी मढं उठवून परत मळ्यावर राबवेल. तो झॉम्बी कोणाला खात नव्हता. तो स्वतःच खाल्ला गेलेला होता. माणसं खाणारा झॉम्बी अमेरिकेने, म्हणजे रोमेरोने, १९६८ मध्ये आणला. फुल्ची ते भूत नकळत का होईना, त्याच्या गावी परत घेऊन आला. आणि तिथल्या मातीतून काय वर येतं? स्पॅनिश कॉन्किस्तादोर, म्हणजे मुलूख जिंकायला आलेले शिपाई. कोलंबस १४९२ मध्ये ज्या बेटावर उतरला त्याच बेटावर, पहिले लुटारू जमिनीतून उठून गोऱ्या पर्यटक बाईचा गळा फोडतात. हे मला कुठल्याही मोठ्या राजकीय सिनेमात मिळालेलं नाही.

दर्यासारंग

वेलदोडा, लिहिता छान, पण तुम्ही पाहिलेला पिक्चर मला एकदा दाखवा.

मी पाहिला त्यात बेटावर बेटाची माणसंच नाहीत. गाव ओस. रस्त्यावरून एक खेकडा जातो, मग एक झॉम्बी खुरडत येतो. डॉक्टरचा सहायक सोडला तर काळा माणूस एकतर पलंगावर चादरीत गुंडाळलेला, नाहीतर मेलेला. रात्रभर लांबून ढोल ऐकू येतात. वाजवतंय कोण? एकदाही दिसत नाही. गोरा डॉक्टर मात्र तोंड पाडून सांगतो की स्थानिक लोक वूडू (तिथले मंत्रतंत्र) म्हणतात, माझा विश्वास नाही. म्हणजे गुन्हेगार कोण, तर ज्यांना पडद्यावर यायचीसुद्धा परवानगी नाही ते. हैतीचं दुःख वगैरे तुम्ही घरून डब्यात घेऊन गेलात.

अवांतर: बेटावरचे झॉम्बी म्हटल्यावर आपला ‘गो गोवा गॉन’ आठवला. त्यातही गोंयकार शोधावे लागतात. बेट म्हणजे रिकामी जागा, ही समजूत सगळीकडची.

वेलदोडा

ढोलाचा मुद्दा घेतो. पण ढोल वाजवणारे न दिसणं, हीच भीती नाही का? डॉक्टर शोधतोय विषाणू, उत्तर त्या आवाजात आहे आणि त्याला ते कळत नाही. रिचर्ड जॉन्सनने तो हरलेला माणूस काय उभा केलाय. रॉयल शेक्सपियर कंपनीत काम केलेला नट, घामाने भिजलेल्या शर्टात, प्रत्येक रुग्णाला गोळी घालताना जरा म्हातारा होतो. शिवाय पिक्चर गरीब होता. गावभर माणसं उभी करायला पैसे लागतात.

दर्यासारंग

न्यूयॉर्कला जाऊन ब्रुकलिन ब्रिजवर झॉम्बी चालवायला होते की पैसे.

एकोहम

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पडद्यामागे

@दर्यासारंग: हा षटकार. पण गंमत बघा, त्या पुलामुळेच पिक्चर माझ्या मनात राहिला. रहदारी थांबवणं परवडलं नाही हे उघड आहे. पण बघताना असं वाटतं की जग बुडालंय आणि खालच्या गाडीवाल्यांना अजून कळलेलं नाही. फ्रिझीचं संगीत त्यावर ठोके देत राहतं. पैसे असते तर पूल रिकामा केला असता आणि तो शेवट इतर दहा पिक्चरांसारखा झाला असता.

रविवार_दुपार

म्हणजे चूक झाली की ती कला. माझ्या कंपनीत हे चाललं असतं तर मी आज डायरेक्टर असतो.

तरी तुमच्या सगळ्यांच्या नादाने आज दुपारी कब्रस्तानाचा भाग परत लावला. डबिंगचा वैताग नको म्हणून आवाज बंद करून. मान्य करतो, बरा आहे. बरा काय, चांगला आहे. त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत बसलो, ती जशी त्या मढ्याकडे बघते तसाच. पाच मिनिटं चांगली म्हणून पंच्याऐंशी मिनिटं माफ करायची का, एवढाच प्रश्न उरला.

वेलदोडा

आता बेटावरच्या रात्रीचे प्रसंगही तसेच परत बघा. ढोल कुठून येतात तिकडे लक्ष देऊन. मग सांगा, दर्यासारंग बरोबर की मी.

रविवार_दुपार

तेही पाहिले. आवाज बंद होता म्हटलं ना. कसले ढोल?