ट्रम्प की हॅरिस: देशाच्या कर्जाकडे ख्रिस्ती माणसाने कसं बघायचं?

रविवारचा_माणूस
सर्वांना सलाम. अमेरिकेचा नागरिक झाल्यावर प्रेसिडेंटसाठी हे माझं पहिलंच मतदान, 5 नोव्हेंबर 2024. चर्चमध्ये गर्भपातावर, इमिग्रेशनवर सगळे तावातावाने बोलतात पण कर्जाचं नाव कोणी काढत नाही. मी ज्या घरात वाढलो तिथे नीतिसूत्रे 22:7 तोंडपाठ, म्हणजे कर्ज घेणारा सावकाराचा दास, वडिलांनी आयुष्यात हप्त्याने काही घेतलं नाही. आणि इथे देशावर 35 ट्रिलियन डॉलरच्या वर कर्ज! दोघांपैकी याबाबतीत कोण वचनाच्या जवळ आहे? भांडण नको, हिशेब हवाय.

वहीखाते
हिशेब सांगतो दादा, आवडणार नाही तुम्हाला. कर्ज फेडतो असं दोघंही म्हणत नाहीयेत. कमिटी फॉर अ रिस्पॉन्सिबल फेडरल बजेट म्हणून एक संस्था आहे, कुठल्याच पक्षाची नाही, तिने ऑक्टोबर 2024 मध्ये दोघांच्या घोषणा मांडून पाहिल्या. मधला अंदाज असा की 2035 पर्यंत हॅरिसच्या योजनांनी साडेतीन ट्रिलियनची भर पडेल, ट्रम्पच्या योजनांनी साडेसात. अंदाजाची रेंज फार मोठी आहे हे तेच सांगतात, त्यामुळे दुप्पट दुप्पट म्हणून लगेच नाचू नका.

ट्रम्पना 2017 ची करकपात पुढे चालू ठेवायचीय, वर टिप्सवर टॅक्स नाही, ओव्हरटाइमवर नाही, सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी पेन्शनच्या) पैशावर नाही, आणि हे सगळं टॅरिफमधून, म्हणजे आयातीवरच्या करातून, भरून काढू म्हणतात. हॅरिस कंपन्यांचा टॅक्स 21 वरून 28 टक्के करणार, पण बाळ झालं की पहिल्या वर्षी टॅक्समध्ये 6000 डॉलरची क्रेडिट, म्हणजे सवलत, पहिलं घर घेणाऱ्याला 25000, आणि 4 लाखांच्या आत कमाई असेल तर टॅक्स वाढणार नाही. टिप्सचं तर दोघांचंही सेम, कोणी कोणाची कॉपी केली ते सोडा. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) हात लावणार नाही हेही दोघांचं सेम, आणि खर्चाचा डोंगर तर तिथेच आहे.

मागचं रेकॉर्ड बघायचं तर 2016 मध्ये ट्रम्प म्हणाले होते आठ वर्षांत सगळं कर्ज संपवतो. आले तेव्हा 20 ट्रिलियनच्या जरा खाली होतं, गेले तेव्हा 27 च्या वर, त्यात कोविड आला हे मान्य. बायडेनच्या काळात 35 पार. पापी कोण ते तुम्हीच ठरवा.

जुना_नवा_करार
मला मुळात तो 22:7 इथे लावणंच पटत नाही. ते वचन शेत गहाण टाकणाऱ्या गरीब माणसाबद्दल आहे, ज्याला फेडता आलं नाही तर पोरांना दास म्हणून द्यावं लागायचं, नहेम्याच्या 5 व्या अध्यायात अगदी हेच रडगाणं आहे. अमेरिकन सरकार स्वतःच्या चलनात कर्ज काढतं, आणि सावकार कोण तर बराचसा आपणच. 35 पैकी साधारण 7 ट्रिलियन सरकार स्वतःच्याच सोशल सिक्युरिटीसारख्या फंडांना देणं लागतं, परदेशी लोकांकडे साधारण चौथा हिस्सा, त्यात पहिला नंबर जपानचा. व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं चीनने आपल्याला विकत घेतलेलं नाहीये.

वहीखाते
ताई सावकार घरचा असला तरी व्याज लागतंच की. 30 सप्टेंबर 2024 ला संपलेल्या सरकारी वर्षात तूट 1.8 ट्रिलियन, आणि नुसतं व्याज संरक्षण खर्चाच्याही पुढे गेलं. हे मंदीत नाही, नोकऱ्या असताना! आणि ते कोण भरणार, तर ज्यांनी अजून मतदानच केलेलं नाही ती पोरं. शिवाय अनुवाद 28:12 मध्ये देव राष्ट्राशीच बोलतो ना, की तू पुष्कळ राष्ट्रांना उसने देशील पण कोणाकडून घेणार नाहीस. म्हणजे वचन फक्त घरापुरतं हेही पूर्ण खरं नाही.

जुना_नवा_करार
28:12 चा मुद्दा चांगला काढलात, त्यावर लगेच उत्तर नाही माझ्याकडे. पण त्याच पुस्तकाचा 15 वा अध्यायही वाचा, दर सातव्या वर्षी कर्जमाफी, आणि ते वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला द्यायला हात आखडू नको असं स्पष्ट बजावलंय. सावकारालाच दटावलंय तिथे.

कोपऱ्यातला_बाक
मी जास्त लिहीत नाही पण एक आठवण. 2012 ला रिपब्लिकन खासदार पॉल रायनचं बजेट आलं, माणूस कॅथलिक, म्हणाला माझा श्रद्धेचाच विचार आहे यात, कर्जाचं ओझं पोरांवर टाकायचं नाही. आणि कॅथलिक बिशपांनीच पत्र लिहून सांगितलं की फूड स्टॅम्पची, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीची, कात्री नैतिक कसोटीला उतरत नाही. आदल्या वर्षी बिशप, इव्हँजेलिकल आणि बाकीच्या चर्चचे पुढारी सर्कल ऑफ प्रोटेक्शन म्हणून एकत्र आले होते, त्यांचं म्हणणं तूट कमी करा पण गरिबाच्या ताटातून नको. म्हणजे एकच बायबल हातात धरून दोन्ही बाजू. मी स्वतः रायनच्या बाजूने होतो तेव्हा, नंतर गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड पँट्रीत दोन वर्षं डबे वाटले आणि डोकं जरा हललं, पूर्ण नाही. लूक 14:28 मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, तेवढं तरी कोणी करतंय का बघा. शेवटचं शिल्लक बजेट 1998 ते 2001 चं, ती बजेटं ठरली तेव्हा प्रेसिडेंट डेमोक्रॅट आणि काँग्रेस (म्हणजे इथली संसद) रिपब्लिकन, एकमेकांना धरून ठेवलं होतं दोघांनी. पैशाची चावी घटनेने काँग्रेसकडे दिलीय, प्रेसिडेंट फक्त सही करतो किंवा अडवतो.

रविवारचा_माणूस
खरं सांगू का, हाऊससाठी, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहासाठी, कोण उभंय हे मी अजून बघितलंच नाहीये 😅 सॅम्पल बॅलट (नमुना मतपत्रिका) आलाय घरी, फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. वहीखाते दादा, हाऊसवाल्यांचे असे हिशेब कुठे कोणी मांडतं का?

वहीखाते
माझ्या पाहण्यात तरी नाही हो. त्यांना टाउन हॉलमध्ये, म्हणजे मतदारांसोबतच्या सभेत, गाठून विचारायचं, कुठला खर्च कमी कराल त्याचं नाव सांगा. "वेस्ट आणि फ्रॉड" म्हणाले की समजायचं नाव नाहीये.