परदेशात भाड्याची गाडी : विम्याचे नेमके कोणते संरक्षण घ्यावे?

प्रश्न (जळगाव)

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे म्युनिकला जाणार असून, तेथून भाड्याची गाडी घेऊन ऑस्ट्रिया आणि उत्तर इटलीत काही दिवस फिरण्याचा विचार आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जळगावच्या आरटीओमधून काढून ठेवला आहे. अडचण विम्याची आहे. बुकिंगच्या संकेतस्थळावर भाड्यातच सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) आणि चोरीचे संरक्षण धरलेले दिसते, पण त्याखाली १,५०० युरो एक्सेस असे लिहिले आहे. तेच संकेतस्थळ वेगळे पैसे घेऊन ‘फुल प्रोटेक्शन’ देऊ करते, आणि गाडी ताब्यात घेताना काउंटरवर आणखी एक विमा विकतात, असे ऐकतो. माझ्या येथील गाडीची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी आहे आणि प्रवास विमाही घेणार आहे. एवढे असताना आणखी काही घेण्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर (भुसावळ)

मी वाहन विम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपल्या येथील गाडीची पॉलिसी तेथे उपयोगी पडणार नाही. ती त्या एका गाडीपुरती असते आणि तिची हद्द भारतापर्यंतच असते. जादा हप्ता भरला तरी ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान यांच्यापलीकडे वाढवता येत नाही. प्रवास विमा आपल्याला शेंगेन (युरोपातील अनेक देशांच्या सामाईक) व्हिसासाठी घ्यावाच लागेल, कारण किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाची अट आहे. मात्र त्यातील ‘पर्सनल लायबिलिटी’ या कलमावर विसंबू नये. मोटार चालवताना उद्भवलेली देणी त्यातून बहुधा वगळलेली असतात.

दुसऱ्याला झालेली इजा किंवा नुकसान हा सर्वांत मोठा धोका, आणि त्याची चिंता युरोपात तुलनेने कमी आहे. थर्ड पार्टी विमा तेथे कायद्याने सक्तीचा असून तो गाडीसोबतच येतो. जर्मनीत शारीरिक इजेसाठी त्याची किमान मर्यादा ७५ लाख युरो आहे. राहिली भाड्याची गाडी. सीडीडब्ल्यू म्हणजे गाडीचे नुकसान झाल्यास भाडे कंपनी एका मर्यादेपलीकडील रक्कम आपल्याकडून मागणार नाही, असा करार. ती मर्यादा म्हणजेच एक्सेस. आपल्याकडे १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यात स्वतः सोसायची रक्कम, १,००० रुपये असते, म्हणून हा शब्द आपण सहज वाचून सोडून देतो. तेथे मात्र हीच रक्कम १,५०० युरो आहे. बंपरला खोल ओरखडा पडला, तरी त्याचे पैसे प्रथम आपल्याच खिशातून जातात.

शिवाय टायर, काच, गाडीचा तळ आणि छत, हरवलेली किल्ली, चुकीचे इंधन हे साध्या सीडीडब्ल्यूत अनेकदा येत नाही. दारू पिऊन चालवणे किंवा करारात नाव नसलेल्याने चालवणे, यांत तर संरक्षण संपूर्णच जाते. जर्मनीचा २००८ पासूनचा विमा करार कायदा घोर निष्काळजीपणाच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची मुभा देतो. लाल दिवा तोडणे हे त्यातले नेहमीचे उदाहरण.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. काउंटरवरचे संरक्षण घेतले, तर एक्सेस शून्यावर किंवा बराच खाली येतो आणि कार्डावर अडकणारी अनामतही सहसा कमी होते. संकेतस्थळाचे ‘फुल प्रोटेक्शन’ स्वस्त असते, पण ते बहुधा परतफेडीचे असते: भाडे कंपनी पैसे कापून घेते, मग आपण पावत्या, करार आणि नुकसानीचा अहवाल पाठवून ते परत मागायचे. कार्डाची मर्यादा पुरेशी असेल आणि कागदपत्रांचा कंटाळा नसेल, तर मी दुसरा मार्ग निवडेन. दोन्ही घेणे म्हणजे एकाच धोक्याचे दोनदा पैसे देणे.

उत्तर (धुळे)

वरील उत्तराला व्यवहारातील काही गोष्टी जोडतो. मुख्य चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते. पत्नीचे कार्ड पुढे केल्यास अनेक ठिकाणी गाडी नाकारतात, आणि डेबिट कार्ड घेतलेच तर महागडे संरक्षण गळ्यात मारतात. ताबा घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम्स, काच आणि इंधनाचा काटा यांचे चित्रीकरण करावे, आणि आधीचा प्रत्येक ओरखडा कागदावर नोंदवून घ्यावा. रात्री कार्यालय बंद असताना किल्ली पेटीत टाकून जाणे टाळावे, कारण सकाळी ते उघडेपर्यंत गाडीची जबाबदारी बहुधा आपल्यावरच राहते. ऑस्ट्रिया आणि इटलीत जाणार असल्याचे बुकिंगच्या वेळीच कळवावे; सीमा ओलांडण्यावर, विशेषतः महागड्या गाड्यांच्या बाबतीत, निर्बंध असतात. इटलीतील जुन्या शहरांच्या वाहनबंदी क्षेत्रात शिरल्याचा दंड मात्र कोणतेही संरक्षण भरून देत नाही, आणि त्यावर भाडे कंपनीचे प्रक्रिया शुल्क वेगळे.

उत्तर (नंदुरबार)

अमेरिकेला जाणाऱ्यांनी यातील युरोपचा हिशेब जसाच्या तसा लावू नये. तेथील नागरिकाला भाड्याच्या गाडीसाठी बहुधा स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीचा आधार मिळतो, आपल्यासारख्या पाहुण्याला तो नसतो. तेथील राज्यांनी ठरवलेल्या थर्ड पार्टी विम्याच्या किमान मर्यादाही तोकड्या आहेत: कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून त्या वाढवल्या, तरी एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर आणि मालमत्तेसाठी १५,००० डॉलर एवढ्याच आहेत, आणि तेथील रुग्णालयाचे बिल पाहता ही रक्कम काहीच नाही. म्हणून तेथे गाडीच्या ओरखड्यापेक्षा जादा लायबिलिटी संरक्षणाला प्राधान्य द्यावे. बुकिंग करताना राहण्याचा देश भारत असाच निवडावा; परदेशी ग्राहकांच्या काही दरांत हे संरक्षण आधीच धरलेले असते.

प्रश्नकर्ता (जळगाव)

सर्वांचे आभार. मग अनामतीपुरती मर्यादा कार्डावर मोकळी ठेवून परतफेडीचे संरक्षण घेतो. एक शंका उरते: मुलगी तेथे दीड वर्षापासून शिकते आणि तिच्याकडे भारतीय परवाना आहे. जादा चालक म्हणून तिचे नाव घातले तर चालेल का?

उत्तर (भुसावळ)

एवढ्यावर चालणार नाही. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यावर भारतीय परवाना सर्वसाधारणपणे सहा महिनेच वैध राहतो. त्यानंतर तिने गाडी चालवली, तर ते विनापरवाना चालवणे ठरेल: गाडीचे संरक्षण जाईल, आणि थर्ड पार्टी विमा कंपनी जखमी व्यक्तीला भरपाई देऊन ठरावीक मर्यादेपर्यंत ती तिच्याकडून वसूल करू शकेल. तिने जर्मन परवाना काढला असेल तरच नाव घालावे, आणि वय २५ च्या आत असेल तर तरुण चालकाचा अधिभार किती, हे आधी विचारून घ्यावे.