मदत हवी आहे: नैसर्गिक एस्टर जाड प्रेसबोर्डच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही

नमस्कार. मी ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगच्या एका लहान कारखान्यात काम करतो. गुंडाळी व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवायची, निर्वातातच ६० अंशांचे खनिज तेल सोडायचे आणि २४ तास मुरू द्यायचे, ही आमची ठरलेली रीत आहे. आता एका ग्राहकाला ११ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वनस्पती तेलापासून केलेले नैसर्गिक एस्टर हवे आहे, म्हणून आधी चाचणी घेतली.

१०० × १०० × १० मिमीच्या प्रेसबोर्डचे (गुंडाळीत विद्युतरोधक म्हणून वापरायच्या, सेल्युलोजच्या दाबीव पुठ्ठ्याचे) सुकवलेले दोन तुकडे, प्रत्येकी १२० ग्रॅमचे, एस्टरमध्ये बुडवले. बोर्डाची घनता १.२ आणि सेल्युलोजची साधारण १.५ धरली, तर पाचवा हिस्सा पोकळी निघते आणि तिच्यात सुमारे १८ ग्रॅम एस्टर मावायला हवे. २४ तासांनी वजन ११ ग्रॅमनेच वाढले. त्यातला एक तुकडा करवतीने मधोमध कापला, तेव्हा गाभ्यात कोऱ्या पुठ्ठ्यासारखी फिकट पट्टी दिसली. कापीव कडांकडून द्रव बराच आत गेला होता, सपाट पृष्ठभागांकडून मात्र कमी. खनिज तेलातल्या तुकड्यात अशी पट्टी नव्हती.

४० अंशांना खनिज तेलाची विष्यंदिता (द्रवाचा दाटपणा) १० सेंटीस्टोकच्या आसपास, तर एस्टरची ३३ ते ३५ असते, त्यामुळे उशीर लागणार हे मान्य आहे. मात्र केशाकर्षणाने (बारीक छिद्रांत द्रव आपोआप ओढला जाण्याने) द्रव वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकतो, या हिशेबाने दुसरा तुकडा तीन दिवसांत भरायला हवा होता, आणि आज चौथ्या दिवशीही वाढ १५ ग्रॅमच आहे. त्यामुळे दोष विष्यंदितेचा नसून आत अडकलेल्या हवेचा असावा, अशी मला शंका येते. (आमचा व्हॅक्यूम पंप जुना आहे, हेही सांगून टाकतो.) कोरडी पोकळी राहिली, तर तिची विद्युत पारगम्यता (पर्मिटिव्हिटी) भोवतालच्या बोर्डाच्या सुमारे पाव असल्याने विद्युत क्षेत्र तिथेच एकवटेल आणि आंशिक विसर्जन (पोकळीत होणाऱ्या बारीक ठिणग्या) सुरू होईल, ही खरी धास्ती आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे: एस्टर ९० अंशांपर्यंत तापवून सोडणे योग्य ठरेल का, की आधी निर्वात सुधारावा? गरम एस्टरचा पातळ थर हवेत घट्ट होतो, म्हणून टाकी उघडी ठेवता येत नाही. अशा वेळी वरून कोरड्या नायट्रोजनचा दाब दिल्यास अडकलेली हवा द्रवात विरघळेल, की आणखी आत ढकलली जाईल?